तंबूतले पाच जण

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दुपारी, तळोद्याच्या घरातल्या मधल्या खोलीत बसून मी माझी एक रहस्यकथा मोठ्या मावशीला वाचून दाखवत होते. मावशी आता ८४ वर्षांची आहे. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ पूर्ण गेली आहे, पण बोटांना अजून सगळे दिसते. मांडीवर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरून ती बोंडातल्या कापसाची सरकी काढत होती, कापूस पिंजत होती आणि तळहातावर वाती वळत होती. वात वळून झाली की ती उजव्या बाजूच्या पितळी ताटात ठेवायची, तिथे आधीच्या वातींवरून एकदा बोट फिरवायची आणि मनाशी मोजून पुढचा कापूस उचलायची. बाहेर गल्लीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेल्या पोरांची गडबड चालू होती. माझी कथा त्याच वर्षी एका दिवाळी अंकात छापून आली होती, संपादकांना मनापासून आवडली होती आणि तिसऱ्या पानावरचे एक वाक्य तर त्यांनी मुद्दाम फोन करून वाखाणले होते. ‘सकाळी तंबूत पाच मृतदेह सापडले,’ हे ते वाक्य. मी ते आवाज खाली आणून, पुढे योग्य तेवढा विराम घेऊन वाचले.

मावशी म्हणाली, “थांब जरा. ती पाच पोरं कोण होती?”

“विद्यार्थी होते गं. प्राध्यापकांसोबत आलेले.”

“ते कळलं. नावं काय त्यांची?”

मी म्हणाले, “नावं नाही दिली, मावशी. गोष्टीला गरज नव्हती.”

तिची बोटे थांबली. “आईबापानं ठेवली असतीलच की,” असे ती हळू आवाजात म्हणाली आणि पुन्हा वात वळू लागली. “वाच पुढं.”

मी पुढे वाचले, शेवटपर्यंत वाचले. मावशीने शेवटी “छान लिहिलंस” असेही म्हटले. पण त्या दुपारपासून तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

माझ्या कथेचा सांगाडा महाभारतातल्या सौप्तिक पर्वावर उभा होता, हे इथे सांगायला हवे. युद्ध संपलेले, दुर्योधन मांडी मोडून पडलेला, कौरवांकडून उरलेले तीन जण, आणि रात्री झोपलेल्या छावणीवर त्यांनी घातलेला घाला. मी ही छावणी सातपुड्याच्या पायथ्याशी आणली. प्राध्यापकांचा एक गट तिथे एका पोथीच्या आधाराने एक मणी शोधत होता, ज्यांच्या हातून सगळे निसटले आहे असे तीन जण अंधारात टपून बसले होते, आणि प्राध्यापक समजून त्यांनी चुकून विद्यार्थ्यांना मारले. पुढची सतरा पाने त्या मण्याच्या शोधाची, पाठलागाची आणि एका भुयाराची होती. मी अशा कथा गेली तेरा-चौदा वर्षे लिहिते आहे. त्यातल्या निम्म्याहून अधिक कथांची बीजे मी कुठल्या तरी जुन्या ग्रंथातून उचलली आहेत, आणि उचलताना मला कधी अवघडल्यासारखे झाले नाही, कारण मला ते वारशाने मिळालेले धान्याचे कोठार वाटत आले. घरचेच आहे, लागेल तेवढे घ्यावे.

या वाटेला लागण्याचे मूळही तळोद्यातच आहे. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले की दोन गोष्टी हमखास मिळत. एक म्हणजे मामाच्या ट्रंकेतली बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची जीर्ण पुस्तके, ज्यांतला काळा पहाड मी कंदिलाच्या उजेडात, पांघरुणाचा तंबू करून वाचला. दुसरी म्हणजे अश्वत्थामा. आमच्याकडे अश्वत्थामा पुराणात राहत नव्हता, तो समोरच्या डोंगरात राहत होता. धडगावच्या बाजूला सातपुड्यात अस्तंब्याचे शिखर आहे, ते त्याचेच स्थान. धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याहून आणि आसपासच्या गावांहून लोक डोंगरवाटेने चालत तिथे जातात. डोक्यावरचा मणी काढून घेतल्यावर झालेली जखम घेऊन तो या डोंगरांत फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर लावायला तेल मागतो, असे आमच्या आजीने आम्हाला सांगितले होते. सांगताना तिचा सूर भूत दाखवून पोरांना भिववण्याचा नसायचा. शेजारच्या कुणाच्या तरी जुनाट दुखण्याविषयी बोलावे तसे ती बोलायची. “रात्री कुणी तेल मागितलं तर नाही म्हणू नये,” एवढेच तिचे त्यावर म्हणणे होते. ओसरीच्या कोनाड्यात तेलाचा बुधला असायचा, त्याच्या तोंडाला गुंडाळलेल्या फडक्याचा खवट वास मला आजही आठवतो. त्या वासात आणि त्या अंधारात मला पहिल्यांदा कळले की एखादी गोष्ट हजारो वर्षे जुनी असूनही दाराबाहेर उभी असू शकते. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो पहाटे महादेवाला फूल वाहून जातो, हे पुढे कॉलेजात ऐकले तेव्हा मला जरासे वाईटच वाटले होते. आमचा अश्वत्थामा दुसऱ्यांचाही निघाला, असे ते वाटणे होते.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला हा माणूस सोडवत नाही. मरत नाही, जखम भरत नाही, सगळे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. कुठल्याही शतकात त्याला उभा करावा, हातात एखादी पोथी द्यावी आणि कथा धावायला लागते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे अशा कथांचा सुकाळ आहे. पहिल्या प्रकरणात एखाद्या वृद्ध संस्कृत पंडिताचा खून होतो, मरण्यापूर्वी तो एक श्लोक लिहून ठेवतो, श्लोकात नकाशा असतो, नकाशाच्या टोकाला अस्त्र किंवा रत्न किंवा अमरत्व असते. मी या साच्याला नावे ठेवत नाही, कारण मी त्यातच वाढले आणि त्यावर माझे लेखन उभे राहिले. वाचकाला पान उलटायला लावणे ही कष्टाने येणारी विद्या आहे, असे मी आजही मानते. पण मावशीच्या प्रश्नानंतर मला माझी जुनी कात्रणे काढून पाहावीशी वाटली, आणि पाहताना एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. ग्रंथांतून मी दर वेळी वस्तू उचलली होती. मणी उचलला, अस्त्र उचलले, शाप उचलला, भुयार आणि मुद्रा उचलल्या. माणसे मात्र तिथेच ठेवून आले होते. त्यांतही मेलेली माणसे.

पाच पोरांची नावे शोधायला म्हणून मी पुण्यात परतल्यावर मूळ पर्व काढून बसले. लाज वाटते, पण खरे सांगायचे तर कथा लिहिताना मी सौप्तिक पर्व मुळातून वाचलेच नव्हते. ऐकलेले होते, कीर्तनातले होते, शाळेच्या पुस्तकातले होते, आणि तेवढ्यावर मी निभावून नेले होते. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती माझ्या एका संस्कृत शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या ग्रंथालयात होती. १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पुरे झालेले हे काम, १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिलेली, आणि ते ज्यांनी मार्गी लावले ते विष्णु सीताराम सुखटणकर पूर्ण झालेले पाहायला राहिले नाहीत, १९४३ सालीच गेले. हे सगळे पुण्यात राहणाऱ्या माणसाला ऐकून माहीत असते, पण तो जाड खंड हातात घेऊन बसणे वेगळे. प्रत्येक पानावर वर थोडेसे श्लोक आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची दाट गर्दी. कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे, कुठे एक ओळ जास्त आहे, कुठे गाळली आहे. माझी मैत्रीण म्हणाली, की वरचा मजकूर वाचताना आपण कथा ऐकतो आणि खालचा वाचताना कथा सांगणारे दिसतात. शाळेत शिकलेले संस्कृत आणि तिची मदत यांच्या बळावर मी चार रविवार ती अठरा अध्यायांची रात्र वाचली.

आणि मी थक्क झाले, ते लेखिका म्हणून आधी.

तिघे जण एका प्रचंड वडाखाली उतरले आहेत. कृपाचार्य आणि कृतवर्मा थकून जमिनीवरच झोपी गेले आहेत, अश्वत्थाम्याला झोप येत नाही. वडावर हजारो कावळे निर्धास्त झोपलेले त्याला दिसतात. मग घुबड येते. व्यासांनी त्याचे वर्णन केले आहे ते पाहा. आवाज मोठा, देह मोठा, डोळे हिरवट, रंग तपकिरी-पिंगट, चोच आणि नख्या लांब, वेग गरुडासारखा. आणि असा हा मोठ्या आवाजाचा पक्षी येतो तो ‘शब्दं मृदुं कृत्वा’, आवाज मऊ करून, जणू अंधारात विरघळत. दोन ओळींपूर्वी ज्याचा आवाज मोठा म्हणून सांगितला, त्याला दबक्या आवाजाने आणायचे, यात वाचकाच्या मानेवर जो काटा येतो तो मी चौदा वर्षे आणायचा प्रयत्न करते आहे. मग तो कुणाचे पंख तोडतो, कुणाची मुंडकी, कुणाचे पाय मोडतो. वडाखालची जमीन कावळ्यांच्या तुकड्यांनी झाकून जाते. अश्वत्थामा ते बघतो आणि मनाशी म्हणतो, की या पक्ष्याने मला उपदेश केला. खुनाची कल्पना खुन्याला कशी सुचते, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या भयंकर रीतीने सांगितलेले मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

पुढेही तसेच. कृपाचार्य त्याला रात्रभर थांब म्हणून समजावतात, झोपलेल्याला मारणे धर्म नाही असे सांगतात, आणि तेच कृपाचार्य थोड्या वेळाने छावणीच्या दारावर कृतवर्म्यासोबत उभे राहून, केस सुटलेल्या आणि हात जोडलेल्या, पळून येणाऱ्या माणसांना कापतात, छावणीला तीन ठिकाणी आग लावतात. आत मरणाऱ्या योद्ध्यांना हातात पाश घेतलेली, लाल डोळ्यांची काळरात्र दिसते, आणि त्यांना आठवते की युद्ध सुरू झाल्यापासून हीच बाई आपल्याला रोज रात्री स्वप्नात दिसत होती. सगळे संपल्यावर अश्वत्थाम्याच्या हाताला तलवारीची मूठ रक्ताने अशी चिकटते की हात आणि मूठ एकच झाल्यासारखे वाटतात. आणि तो बाहेर पडतो तेव्हा व्यास सांगतात, की सगळे झोपलेले असताना छावणी जशी निःशब्द होती, तशाच निःशब्द छावणीतून तो बाहेर पडला. मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरच्या सोसायटीत कुणीतरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. तीच शांतता, दोन वेळा, आणि मधे काय घडले ते फक्त वाचणाऱ्याला माहीत.

इथवर माझ्यातली रहस्यकथाकार खूश होती. मग आठव्या अध्यायात द्रौपदीची ती पाच मुले आली.

मी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की अश्वत्थाम्याने पांडव समजून झोपलेल्या पाच मुलांची डोकी कापली आणि दुर्योधनाकडे नेली, दुर्योधनाने भीमाचे म्हणून एक डोके हातात दाबले, ते सहज फुटले, आणि हे भीमाचे नव्हे हे त्याला कळले. कीर्तनकार इथे हाताची मूठ आवळत असत आणि समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावत. झोपेत कापलेली डोकी भागवतातही आहेत. पण मी जे वाचत होते त्यात यातले काहीच नव्हते. त्यात ती मुले जागी होती. द्रौपदीचा भाऊ धृष्टद्युम्न मारला गेल्याचा गलका ऐकून ती उठली होती, हातात धनुष्ये घेऊन बाहेर आली होती आणि त्यांनी बाणांचा वर्षाव केला होता. अश्वत्थामा सहस्र चंद्र जडवलेली ढाल आणि तलवार घेऊन त्यांच्यावर चालून गेला. प्रतिविंध्याच्या कुशीत त्याने तलवार खुपसली. सुतसोमाने त्याला भाला मारला आणि तलवार उगारून पुन्हा धावला, तेव्हा त्याचा हात तलवारीसकट तोडला गेला. शतानीकाने रथाचे एक चाक दोन्ही हातांनी उचलले आणि अश्वत्थाम्याच्या छातीवर फेकले. श्रुतकर्म्याने परिघ नावाचा लोखंडी सोटा घेऊन घाव घातला, आणि त्याच्या तोंडावर तलवार बसली. तो आवाज ऐकून श्रुतकीर्ती धावत आला आणि बाण सोडत राहिला, कुंडलांसह त्याचे डोके खाली पडेपर्यंत.

प्रत्येकाला एक ओळ, दोन ओळी. पण प्रत्येकाला एक नाव, एक शस्त्र आणि एक कृती.

त्या चाकापाशी मी फार वेळ थांबले. छावणीत अंधार असेल, कुठे तरी आग लागली असेल, हातात जे शस्त्र असायला हवे ते सापडत नसेल, आणि नकुलाच्या त्या मुलाला बाजूला सुटे पडलेले रथाचे चाक दिसले असेल. ते जड असते. दोन्ही हातांनी उचलावे लागते, उचलताना कंबर वाकवावी लागते, वंगणाचा ओशटपणा हाताला लागत असेल, आणि ते फेकून झाले की दोन्ही हात रिकामे होतात. व्यासांनी तेही टिपले आहे. चाक सोडून मोकळा झालेल्या शतानीकावर अश्वत्थाम्याने घाव घातला, असे तिथे लिहिले आहे. एवढे बारकाईने पाहिलेले मरण मी माझ्या पाच पोरांपैकी एकालाही दिले नव्हते. माझी पाचही पोरे झोपेत मेली, कारण तशी मेली तर माझे काम सोपे होते आणि कथा पुढे मण्याकडे धावायला मोकळी होत होती.

शिवाय ती चूक. माझ्या कथेत मारेकरी चुकतात, त्यांना मारायचे असतात प्राध्यापक आणि मरतात विद्यार्थी. हा धक्का मला कीर्तनातल्या फुटलेल्या डोक्यावरून सुचला होता. व्यासांच्या पर्वात अश्वत्थामा दुर्योधनाला चोख हिशेब देतो, की त्यांच्याकडचे सात उरले, पाच पांडव, श्रीकृष्ण आणि सात्यकी, आपल्याकडचे तिघे, आणि द्रौपदीची मुले सगळी मेली. त्याला ठाऊक आहे त्याने कुणाला मारले. तो चुकलेला नाही. चूक घातली की खुन्याचे ओझे थोडे हलके होते आणि वाचकाला धक्काही बसतो, म्हणून गोष्ट सांगणाऱ्यांना ती हवीहवीशी वाटत असावी. मलाही वाटली.

कुणी म्हणेल, ग्रंथ बदलायचा नाही का? तो तर पहिल्यापासून बदलत आला आहे. ऊरुभंगात भासाने मांडी मोडलेल्या दुर्योधनाला एवढे मोठे केले की वाचताना त्याच्यासाठी गलबलून येते, आणि अश्वत्थाम्याला रात्रीच्या घाल्यासाठी निघालेला दाखवून नाटक तिथेच संपवले. भागवतकारांनी डोकी आणली. मुलांची नावेसुद्धा खुद्द महाभारतात एकसारखी नाहीत, आदिपर्वात अर्जुनाचा मुलगा एका ठिकाणी श्रुतकीर्ती आहे आणि दुसऱ्या ठिकाणी श्रुतकर्मा. सहदेवाच्या मुलाला तिथे श्रुतसेन म्हटले आहे, आणि सौप्तिकाच्या त्या रात्री श्रुतसेनाचे नावच येत नाही. तळटिपांतल्या त्या दाट गर्दीत किती तरी लेखनिकांनी आपापला शब्द घातला आहे. मला बदलण्याची भीती वाटत नाही आणि ‘धर्मग्रंथाला हात लावू नका’ असे म्हणणाऱ्यांशी माझे आजही जमत नाही. मला खुपले ते वेगळेच होते. मी ज्या ग्रंथाला वेगवान कथेचा कच्चा माल समजत होते, तो कथेच्या वेगातही माझ्या पुढे होता आणि मेलेल्यांची आठवण ठेवण्यातही. दोन्ही एकदम करता येते हे त्याने करून दाखवले होते.

अश्वत्थाम्याबद्दलही मला तेव्हाच नीट वाटायला लागले. मारेकऱ्याला ‘काळी आकृती’ म्हणून मोकळे होणे आम्हा लोकांना सवयीचे असते. पण हा कोण, तर ज्याला गावातल्या श्रीमंत पोरांनी पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले आणि जो ते पिऊन ‘मी दूध प्यालो’ म्हणून नाचला, तो मुलगा. मराठी घरात दारिद्र्याविषयी बोलताना ही आठवण अजून निघते. ज्याचा बाप ‘नरो वा कुंजरो वा’ ऐकून शस्त्र टाकून बसला आणि मारला गेला, तो मुलगा. हे सगळे मला माहीत होते. माहीत असून मी त्याच्या जागी तीन बिनचेहऱ्याची माणसे बसवली.

आणि मग द्रौपदी. माझ्या कथेत पाच विद्यार्थ्यांच्या घरी कुणी कळवले याचा उल्लेखही नव्हता. पोलीस आले, पंचनामा झाला, आणि नायिका पोथी घेऊन भुयाराकडे निघाली. इकडे पहाट होते तशी धृष्टद्युम्नाचा सारथी धर्मराजापाशी पोचतो आणि रात्रीची हकीकत सांगतो. कृतवर्म्याचे लक्ष दुसरीकडे असताना तो कसाबसा निसटलेला असतो. ‘अहमेकोऽवशिष्टस्तु’, मी एकटाच उरलो, असे तो म्हणतो. नकुलाला उपप्लव्याला पाठवून द्रौपदीला आणवले जाते, आणि ती वाऱ्याने हलणाऱ्या केळीसारखी थरथरत खाली कोसळते. शुद्धीवर आल्यावर ती युधिष्ठिराला म्हणते, की मुलांना यमाच्या स्वाधीन करून आता सगळी पृथ्वी भोगा. मण्याचा प्रवेश यानंतर होतो. तो मणी म्हणजे या बाईने मागितलेली भरपाई आहे, आणि तिला तो मिळाल्यावरही तिच्या हातात काय येते हे वाचणाऱ्याने पाहायचे आहे. मी तो मणी या बाईच्या हातातून सोडवून भुयारात नेऊन ठेवला होता. शिवाय हे पर्व संपले की लगेच स्त्रीपर्व सुरू होते. व्यास वाचकाला उठून जाऊ देत नाहीत, सकाळ झाल्यावर रणांगणावर बायकांच्या मागून चालायला लावतात. तिथे गांधारी आहे, सुना आहेत, कुठला हात कुणाचा ते ओळखणाऱ्या बायका आहेत.

मी कथा पुन्हा लिहायला घेतली. छापून झालेली कथा पुन्हा लिहिणे हा धंद्याच्या हिशेबाने वेडेपणा आहे, ती कुठे छापून यायची नव्हती. पण मला राहवेना. या वेळी मणी गेला, भुयार गेले, पोथीही गेली. राहिली ती रात्र, आणि ती सांगायला मी छावणीला गाडी घेऊन आलेला जीपचा ड्रायव्हर घेतला, जो पहाटे जंगलातून धावत रस्त्यावर येतो आणि सात किलोमीटर चालून फोनपर्यंत पोचतो. पाचही जणांना नावे दिली. एकाला दम्याचा पंप दिला, एकाला घरून आणलेले नवे कोरे बूट, जे त्याला चावत होते. एकाने तंबूचा लोखंडी खुंटा उपसून मारेकऱ्याच्या अंगावर फेकला, तो शतानीकाच्या चाकाचा खुंटा आहे हे कुणाला कळले नाही तरी चालेल. नावे शोधायला मला आठ दिवस लागले. हे हास्यास्पद वाटेल, पण नाव ठेवल्यावर त्या पोराला मारणे फार अवघड होते, हात अडखळतो, आणि तसा तो अडखळायलाच हवा होता असे मला वाटते. कथेचा वेग कमी होईल ही भीती मात्र खरी ठरली नाही. माणूस कोण हे ठाऊक असले की त्याच्या तंबूबाहेर वाळलेले पान मोडल्याचा आवाजही मोठा होतो.

यंदा श्रावणात तळोद्याला गेले तेव्हा ती हस्तलिखित पाने सोबत होती. सातपुडा ढगांत बुडालेला, ओटीवर ओल, आणि मावशीच्या खोलीत तोच कापसाचा कोरडा गोडसर वास. तिच्याकडे भागवत सप्ताह नुकताच होऊन गेला होता. मी तिला आधी ग्रंथातली पाच नावे सांगितली. प्रतिविंध्य, सुतसोम, शतानीक, श्रुतकर्मा, श्रुतकीर्ती. ती प्रत्येक नावाला एकेक वात बाजूला ठेवत गेली, चौथ्या आणि पाचव्यापाशी अडखळली, मी म्हणाले, पोथ्याही तिथेच अडखळतात. मग ती म्हणाली, “आमच्या बुवांनी सांगितलं, अर्जुनानं त्याला बांधून आणलं, तर द्रौपदी म्हणाली, सोडा त्याला, मी रडते तशी त्याची आई नको रडायला.” हे भागवतातले आहे, महाभारतातली द्रौपदी असे म्हणत नाही, उलट अन्नपाणी सोडून त्याच्या मरणासाठी अडून बसते. मी ते तिला सांगितले. मावशी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दोन्ही म्हणाली असेल. एकदा हे, एकदा ते.”

मग मी नवी कथा वाचली. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळे मला मोठ्याने वाचावे लागले, विराम घेऊन परिणाम साधायची सोय नव्हती. बुटांपाशी ती “अगं बाई” म्हणाली. खुंटा फेकला तेव्हा तिने हातातली वात मिटून धरली. मी शेवटपर्यंत वाचत गेले, ड्रायव्हर फोनपर्यंत पोचतो आणि पलीकडून कुणीतरी विचारते, कोण बोलतंय, आणि तो पाच नावे सांगायला लागतो, तिथे कथा संपते. मी पाने मिटली.

मावशीने मुठीतली चुरगळलेली वात उलगडली, दोन बोटांत धरून पुन्हा सरळ केली आणि ताटात ठेवली.

“आणि त्या गाडीवाल्याचं नाव काय?” तिने विचारले.

सबंध कथा ‘मी, मी’ म्हणून तो सांगत होता, आणि त्याला कुणी एकदाही नावाने हाक मारलेली नव्हती. सारथ्याचे नाव व्यासांच्या त्या अध्यायातही नाही. ‘धृष्टद्युम्नाचा सारथी’ एवढेच तिथे आहे. मी पहिले पान पुन्हा काढले आणि पिशवीत पेन शोधू लागले.